नख लागलं की

मंगळवारी नखं तपासतात आमच्याकडे.
शिंत्रे मेट्रन हात पालथा धरून बघतात,
बालवाडीतल्या पोरीचा बघावा तसा,
आणि पांढरी रेघ दिसली की म्हणतात,
"थिएटरात यायचंय का लग्नाला?"

म्हणून रणनवरे सर पहिल्याच दिवशी बोलले
की उजव्या हाताची नखं वाढवावी लागतील,
निदान तांदळाच्या दाण्याएवढी,
तेव्हा मी गिटार परत पेटीत ठेवायला लागले.
सर बघत राहिले.
मग चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन
एक पुडी घेऊन आले,
आत पिवळसर, जरा वास मारणारं वेटोळं.
"मिरजेच्या दस्तगीर शिकलगारनं वळलेली.
तार म्हणू नकोस हिला. तात.
मेंढीचं आतडं. हिला नख नकोच असतं."

मला काय नवीन?
बारा वर्षं हीच तर देते मी सर्जनच्या हातात,
चिमट्यात धरून, ओली, निथळती.
पोटाच्या आत टाका घालतात हिचा
आणि शरीर तो सावकाश खाऊन टाकतं.
काढायला कुणाला परत यावं लागत नाही.

पण देणं वेगळं, वाजवणं वेगळं.

गंगावेशीत माडीवर खोली माझी.
अंगठा, तर्जनी, मधली, अनामिका.
अंगठा, तर्जनी, मधली, अनामिका.
आवाज कसला, ओल्या पोत्यावर काठी.
जोर लावला तर तात करवादते,
जोर काढला तर काहीच नाही,
शेजारच्या खोलीतल्या खोकल्याएवढंही नाही.
अनामिका रोज उशिरा, रोज नवं कारण.
हवा सर्द झाली की स्वर उतरतो,
कानात बोट घालून बसल्यासारखी मी खुंट्या पिळते.
घासून तातीला केस फुटतात बारीक,
ते कापायला नेलकटरच लागतो.
आधी माझी नखं, मग तिचे केस.
एकच कटर, एकच कागद खाली पसरलेला.

एका रात्री खाली कट्ट्यावर आरडाओरडा.
वडणगेकरांच्या भाच्यानं म्हशीची लाथ खाल्लेली,
बादली आडवी, दूध गटाराकडे निघालेलं.
"नख लागलं व्हय रं?" वडणगेकर म्हणाले.
"नख लागलं की म्हस पान्हा चोरती.
आन् ओढतोस कशाला? दोरखंड हाय व्हय ते?
पेराचं मांस टेकव. दाब. सोड.
तिला वाटाय पायजे, तिनंच दिलं म्हणून."

मी ग्लास डाव्या हातात धरून उभी होते.
उजवा हात ओढणीच्या काठावर
टेकव, दाब, सोड.
फेस ओठावर वाळला तरी लक्षात नाही.

त्या रात्री काही आलं नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही, नंतर तीन दिवस नाइट ड्यूटी.
चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याची शीर सापडेना,
हात गार, कातडी कागदासारखी.
मी बोट टेकवून नुसती थांबले.
बोटाखाली ती हळूच वर आली.

आणि मग गुरुवारी, दिवे गेलेले असताना,
तिसऱ्या तातीवर मधलं बोट
टेकलं, दबलं, सुटलं.
घंटेसारखं नाही. काचेसारखं तर नाहीच.
उबदार, जरासं खरखरीत,
झोपेतून उठलेलं माणूस
तुमचं नाव घेतं तसं.
मी दुसऱ्यांदा वाजवलं नाही,
अंधारात बसून राहिले तशीच.

रणनवरे सरांना सांगितलं तर म्हणाले,
"हं. आता चौथी."

आज मंगळवार.
शिंत्रे मेट्रननी हात पालथा धरला,
दहाही बोटं बघितली, म्हणाल्या, "शाब्बास."
पेरांची खालची बाजू कुणी बघत नाही.
तिथं तिसऱ्या तातीची रेघ आहे,
साबणानं न जाणारी.